डिग्री ऑनलाइन, पण परीक्षा कुठे?

टीवायचा रिझल्ट लागला की आठवडाभरात फोन सुरू होतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ‘मॅम, मास्टर्सचं काय ठरवलंय?’ आपला नंबर कुठून मिळाला हे विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर कधीच मिळत नाही. पलीकडची मुलगी बहुतेक आपल्याच वयाची असते, बिचारी टार्गेटवर असते. ती सांगते, घरबसल्या एमबीए, नोकरी करता करता, ‘यूजीसी अप्रूव्हड’, ईएमआयची सोय, आणि आज रात्री बाराच्या आत सीट बुक केली तर स्कॉलरशिप. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन येतो. स्कॉलरशिपची मुदत कालच संपलेली असते, तरी ती अजून चालू असते.

ठाण्यात किंवा डोंबिवलीत राहणाऱ्याला हा फोन म्हणजे कटकट. शहापूर-मुरबाडकडच्या मुलांना मात्र तो खरंच मोहात पाडतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. आसनगावहून सीएसएमटी गाठायची तर सव्वादोन-अडीच तास धरूनच चालायचं. खर्डी, कसारा त्याच्याही पुढे. मुरबाडला तर रेल्वेच नाही. आमच्या लहानपणापासून ती ‘येणार’ आहे, तोवर स्टेशन म्हणजे कल्याण, म्हणजे एसटीने सुमारे ३० किलोमीटर. टोकावड्याच्या मुलाने दिवसा नोकरी करून संध्याकाळी मुंबईत लेक्चरला बसायचं, हे गणित कुठूनही सुटत नाही. भातसा, तानसा, वैतरणा आमच्याकडे आणि पाणी मुंबईला, हे आमच्याकडची शाळकरी पोरंही ऐकवतात. विद्यापीठाचंही थोडंफार तसंच आहे.

मग होतं काय? बी.कॉम. झालं की मुरबाड एमआयडीसी, आसनगाव-आटगावच्या कंपन्या, वाशिंद, नाहीतर पडघ्याच्या बाजूची गोडाऊनं. दोन-तीन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर जातात. पंचविशीला लक्षात येतं की सुपरवायझरच्या पुढे इथे जागा नाही, आणि आपल्याला हे करायचंही नव्हतं. करिअर बदलायचंय, पण नोकरी सोडून दोन वर्षं शिकायची ऐपत नाही. त्या वेळी फोन वाजतो.

म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. ऑनलाइन मास्टर्स ही आपल्या दोन्ही तालुक्यांसाठी कामाची गोष्ट आहे, आणि ‘ऑनलाइनवाले’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. पण ती निवडायची कशी, हे आपण फोनवाल्यांवर सोडून दिलंय. मोबाइल घेताना दहा रिव्ह्यू बघणारे आपण लाखाची डिग्री एका व्हॉट्सॲप पीडीएफवर घेतो.

मुळात मास्टर्स लागणार आहे का, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. एमपीएससीची राज्यसेवा द्यायची असेल तर पदवी पुरते. ‘सोबत एम.ए. चालू आहे’ हे नातेवाइकांना सांगायला बरं वाटतं, इतकंच. शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर बी.एड. लागतं, आणि ते कोणी ‘पूर्ण ऑनलाइन’ देतो म्हणाला तर तिथेच फोन ठेवा. सीनिअर कॉलेजला शिकवायचं असेल तर मात्र मास्टर्स हवंच, त्यात ५५ टक्के हवेत (राखीव प्रवर्गाला ५०), आणि त्यावर नेट-सेट. तिथे मान्यताप्राप्त दूरस्थ किंवा ऑनलाइन एम.ए. चालतं.

आयटीचं वेगळं आहे. आमच्या ओळखीतला एक जण बी.एस्सी. केमिस्ट्री, कंपनीत लॅबला होता, त्याला डेटा ॲनालिसिसमध्ये जायचं होतं. त्याला सगळे एमसीए कर, एमबीए इन ॲनालिटिक्स कर असंच सांगत होते. त्याने आधी स्वयम पोर्टलवर दोन कोर्स केले. शिकायला पैसे लागत नाहीत, सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेची फी, आणि आयआयटीवाल्यांच्या एनपीटेल कोर्सला ती हजाराच्या आसपास. चार महिन्यांत त्याला कळलं की हे काम आपल्याला आवडतंय. डिग्रीचा निर्णय त्याने नंतर घेतला. मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो. नावडत्या विषयाचं मास्टर्स अर्धवट सोडण्यापेक्षा हजार रुपयांत नावड कळलेली काय वाईट?

आणि ज्याच्याबद्दल कोणीच फोन करत नाही असा एक कोर्स सांगते. एमएसडब्ल्यू. आपल्या भागात कातकरी, ठाकर, महादेव कोळी वाड्यांवर आरोग्य, शिक्षण, वनहक्क, पाणी यांवर काम करणाऱ्या संस्था आहेत. त्यांना इथली बोली बोलणारी, इथले रस्ते माहीत असलेली माणसं हवी असतात. इग्नूचं एमएसडब्ल्यू दूरस्थ पद्धतीने करता येतं, त्यात फील्डवर्क सक्तीचं असतं. शहरातल्या मुलाला ते फील्डवर्क शोधत यावं लागतं. डोळखांबच्या मुलीला ते घराच्या ओट्यावरून दिसतं. पगार आयटीसारखा नाही हे खरं, पण करिअर बदलणं म्हणजे दरवेळी हिंजवडीच असं कोणी ठरवलं?

आता ‘यूजीसी अप्रूव्हड’ या शब्दांकडे येऊ, कारण सगळा खेळ तिथे आहे.

नियम असा आहे. यूजीसीने सप्टेंबर २०२० मध्ये दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे एकत्रित विनियम आणले. त्यानुसार मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही रेग्युलर पदवीच्या बरोबरीची धरली जाते. म्हणजे ‘ऑनलाइन डिग्रीला किंमत नसते’ हे कट्ट्यावरचं मत नियमात बसत नाही. पण ही मान्यता नुसती विद्यापीठाला नसते. ती त्या विद्यापीठाच्या त्या कोर्सला, त्या पद्धतीला आणि त्या सत्रापासून असते. विद्यापीठाला नॅकचं ए प्लस प्लस आहे, यावरून त्याचा ऑनलाइन एम.ए. मान्य ठरत नाही. गेल्या वर्षी मान्यता होती, यावरून यंदा आहे असंही नाही. मुंबईतल्या एका बड्या अभिमत विद्यापीठालाही २०२४ मध्ये यूजीसीने काही काळ दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश द्यायला मनाई केली होती. नाव मोठं होतं, जाहिराती मोठ्या होत्या, तरी.

ही यादी गुप्त नाही. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या वेबसाइटवर सत्रानुसार विद्यापीठं आणि कोर्स दिलेले असतात. दहा मिनिटांचं काम. साइट दिसायला सरकारी आहे, मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात, पण शोधा. कोर्सचं नाव अगदी तंतोतंत बघा. ‘एमबीए’ यादीत असणं आणि तुम्हाला विकला जाणारा भलामोठ्या नावाचा ‘एमबीए’ यादीत असणं या दोन गोष्टी आहेत.

काही विषय या पद्धतीने मुळात शिकवताच येत नाहीत. इंजिनीअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, लॉ, आर्किटेक्चर, फिजिओथेरपी, शेती, हॉटेल मॅनेजमेंट, ही यादी बरीच लांब आहे. त्यात अलीकडे एक मोठी भर पडली. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून सायकॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, फूड अँड न्यूट्रिशन, डाएटेटिक्स यांचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश यूजीसीने थांबवले. कौन्सेलर व्हायचं म्हणून दूरस्थ एम.ए. सायकॉलॉजी करण्याचा विचार माझ्या वर्गातल्याच किती जणींच्या डोक्यात होता! आधी प्रवेश घेतलेल्यांना ते पूर्ण करता येतं. नवा प्रवेश कोणी देऊ करत असेल तर त्याला एकच प्रश्न विचारा, यंदाच्या डीईबी यादीत दाखव.

न दाखवता पुढे गेलेल्यांचं काय होतं, याचं उदाहरण ऐकीव नाही. ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारा दिलेल्या इंजिनीअरिंगच्या पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ दरम्यान प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्यांना पुन्हा परीक्षा देऊन त्या वाचवायची संधी मिळाली. त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. विचार करा. दहा-बारा वर्षं नोकरी केलेली, त्याच पदवीवर प्रमोशन घेतलेली, घरी लहान पोरं असलेली माणसं. फी त्यांनी प्रामाणिकपणे भरली होती, अभ्यासही केला होता. मान्यता नसण्याची शिक्षा विद्यापीठापेक्षा त्यांना जास्त बसली.

आणखी एक बारीक गोष्ट, जी आपल्याकडच्या क्लासेसच्या पाट्यांना लागू होते. दूरस्थ शिक्षणाला हद्द असते, ऑनलाइनला नसते. म्हणजे परराज्यातलं खासगी विद्यापीठ तुम्हाला ऑनलाइन कोर्स देऊ शकतं, पण त्याचं ‘डिस्टन्स’चं सेंटर कल्याणच्या एखाद्या गाळ्यात असू शकत नाही. फ्रँचायझी देऊन डिग्री वाटायला नियमात बंदी आहे. ‘आमच्याकडे फॉर्म भरा, परीक्षेचंही आम्ही बघून घेऊ’ असं ज्या पाटीखाली ऐकू येतं, तिथून सरळ बाहेर पडा. परीक्षेचं ‘बघून घेणारा’ माणूस नंतर तुम्हालाही बघून घेतो. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादीही जाहीर करते, आणि तिच्यात महाराष्ट्रातलं, नागपूरचं, एक नाव वर्षानुवर्षं आहे. म्हणजे हे फक्त बिहार-यूपीत चालतं, या भ्रमात राहू नका.

२०२४ पासून एक बरं झालंय. दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशाआधी विद्यार्थ्याला डीईबी आयडी काढावा लागतो, आणि त्यासाठी आधी एबीसी आयडी, म्हणजे ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं. दोन्ही स्वतः काढा. एजंटच्या मोबाइल नंबरवर आणि एजंटच्या ईमेलवर काढलेला आयडी म्हणजे आपल्या घराची चावी शेजारच्या गावात ठेवणं.

आता पैशांचं. खासगी विद्यापीठांचं ऑनलाइन एमबीए दोन वर्षांना लाख-दीड लाख, कुठे दोन लाखांपर्यंत जातं. इग्नूचं एखादं साधं एम.ए. काही हजारांत होतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, तिथे मराठीतून शिकता येतं. मुंबई विद्यापीठाचा दूरस्थ विभाग तर १९७१ चा. आपल्या आई-बाबांच्या पिढीला तो पत्रद्वारा म्हणून माहीत, आपल्या दादा-ताईंना आयडॉल म्हणून, आणि आता त्याचं नाव सीडीओई झालंय. या तिघांपैकी कोणाचा तुम्हाला कधी फोन आला? मला नाही आला. यांच्याकडे सेल्स टीम नाही, म्हणून ही नावं आपल्याला ‘ओल्ड’ वाटतात. आणि ज्याचा फोन येतो त्या फीमध्ये फोन करणाऱ्यांचे पगारही असतात, हे साधं गणित आपण करत नाही.

अर्थात सरकारी विद्यापीठात सगळं गोडगुलाबी आहे असं मी म्हणत नाही. साइट ऐन मुदतीच्या दिवशी बसते, पुस्तकं उशिरा येतात, हेल्पलाइनवर रिंग वाजत राहते. तिथे चिकाटी लागते. खासगीत ॲप छान असतं, लेक्चर रेकॉर्डेड मिळतं, विचारलं की उत्तर येतं. या सोयीचे पैसे द्यायचे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझ्या मते महिना पंधरा-अठरा हजार पगार असेल तर द्यायचे नाहीत. ‘नो कॉस्ट ईएमआय’ हे बहुतेक वेळा तुमच्या नावावरचं कर्ज असतं. कोर्स सोडला तरी हप्ता सुटत नाही, आणि हप्ता चुकला की सिबिल बिघडतं, मग पुढे बाइकलाही लोन मिळत नाही. समृद्धी महामार्गात शहापूर तालुक्यातल्या अनेकांच्या जमिनी गेल्या, मोबदला आला आणि घरात, गाडीत, लग्नात मुरला. जिथे अजून थोडा शिल्लक आहे तिथे ‘मुलाच्या शिक्षणाला’ म्हणून आई-वडील डोळे मिटून चेक देतात. तो पैसा पुन्हा यायचा नाही, तेव्हा फीचा आकडा त्यांच्याआधी तुम्ही नीट वाचा. परीक्षा फी वेगळी आहे का, नापास विषयाची फी किती, मधेच सोडलं तर परत काय मिळतं, हे सगळं लेखी मागा. ईमेलवर. फोनवरचं ‘हो हो, होऊन जाईल’ कुठल्याही ग्राहक मंचात चालत नाही.

परदेशी विद्यापीठांचंही विचारलं जातं. जॉर्जिया टेकचं ऑनलाइन कॉम्प्युटर सायन्सचं मास्टर्स २०१४ पासून चालू आहे, आणि ते सुमारे सात हजार डॉलरमध्ये होतं. अमेरिकेच्या मानाने ते फुकटच म्हणायचं, आपल्या मानाने सहा लाख. प्रोग्रामिंग पक्कं असणाऱ्याला, खासगी कंपनीतच जायचं असणाऱ्याला ते भारी आहे. पण इथे सरकारी नोकरी किंवा पीएच.डी. करायची असेल तर परदेशी पदवीच्या समकक्षतेची भानगड वेगळी असते. ती आधी लेखी सोडवून घ्या, मगच डॉलर मोजा.

आणि आता ज्यावर कोणीच बोलत नाही ते. आपण सरसकट ‘ऑनलाइन’ म्हणतो, पण दूरस्थ आणि ऑनलाइन हे नियमाच्या भाषेत दोन वेगळे प्रकार आहेत. दूरस्थमध्ये छापील किंवा डाउनलोड केलेली पुस्तकं, अभ्यासकेंद्र, अधूनमधून संपर्कवर्ग, आणि केंद्रावर बसून पेपर. ऑनलाइनमध्ये लेक्चर, असाइनमेंट, चर्चा सगळं पोर्टलवर, आणि अनेक ठिकाणी परीक्षाही घरी लॅपटॉपसमोर, कॅमेरा चालू ठेवून. दोघांची पदवी बरोबरीची. पण जगणं बरोबरीचं नाही.

इग्नूसारख्या ठिकाणी परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असतात. जूनचा पाऊस माळशेजच्या पायथ्याला कसा पडतो हे तुम्हाला माहीत आहे. लाइट गेली की टॉवर तासाभरात मान टाकतो. रेंजसाठी घराच्या मागच्या टेकाडावर जाणारी माणसं अजून आहेत, आणि टेकाडावर बसून कॅमेऱ्यासमोर तीन तासांचा पेपर देता येत नाही. मान इकडेतिकडे वळली तरी सॉफ्टवेअर इशारा देतं, आणि एका खोलीच्या घरात मागून आजी जाणारच ना! अशा घरातल्या मुलाने ऑनलाइनच्या मागे न लागता दूरस्थ कोर्स घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पुस्तकाला रेंज लागत नाही. कंपनीच्या बसमध्येही ते उघडता येतं. वर्षातून दोनदा परीक्षेला कल्याण-ठाण्याला जावं लागेल, चार-पाच खाडे पडतील, कॉन्ट्रॅक्टरशी वाद होईल. ते खाडे फीमध्ये धरूनच हिशोब करा.

पण ते चार-पाच खाडे तरी का पडावेत? शहापूर, मुरबाड, किन्हवलीत कॉलेजं आहेत. कॉलेजला कम्प्युटर लॅब असते, इन्व्हर्टर असतो, आणि रविवारी तिथे कुलूप असतं. तीच लॅब रविवारी ऑनलाइन आणि दूरस्थवाल्यांसाठी परीक्षा केंद्र म्हणून, नाहीतर निदान बसायची जागा म्हणून उघडी राहिली, तर टोकावड्याचा मुलगा कल्याणच्या पहिल्या एसटीऐवजी मुरबाडपर्यंतच येईल. केंद्र मंजूर करणं विद्यापीठांच्या हातात आहे. मागणी करणं कॉलेजांच्या, आणि कॉलेजांच्या मागे लागणं आपल्या. प्रवेशाची सत्रं दोन असतात, जानेवारीचं आणि जुलैचं. पुढचं सत्र सुरू व्हायच्या आत तुमच्या कॉलेजच्या प्राचार्यांना वीस-पंचवीस सह्यांचं एक पत्र देता आलं तर बघा. माझी सही मी त्यावर आनंदाने करेन, आसनगावहून यायला मला फार वेळ लागत नाही.